साहेबांचं काचघर

भावजयीने सरडा पाळायचं ठरवलं तेव्हा मी तिला तोंडावर सांगितलं होतं, बाई गं, लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात, फार तर पोपट. सरड्याला लोक दगड मारतात. ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाशी लग्न ठरलं तेव्हा माझी आईही असंच काहीतरी म्हणाली होती." बोलण्यात तिला कुणी हरवलेलं मला आठवत नाही. पुढे तिच्या घशात नळी बसली आणि आमच्या घरातलं बोलणंच गेलं.

आमचं काचेचं दुकान. खिडक्यांची तावदानं, टेबलांवरच्या काचा, आरसे, माशांच्या पेट्या. काच कापते मी. कडा घासणं आणि बसवणं धाकट्याकडे, म्हणजे माझ्या भावाकडे. मी लग्न केलं नाही, त्याने उशिरा केलं, आणि केलं ते पडदे शिवणाऱ्या बाईशी. दुकानाच्या वरच्या खोलीत तिचं मशीन चालायचं. "तुम्ही दोघं लोकांची घरं उघडी पाडा, मी मागून झाकत येते," असं म्हणायची.

सरडा एका गिऱ्हाइकाने आणला. माशांची पेटी सांगून गेलेला माणूस एका संध्याकाळी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आला, म्हणाला, दोन दिवस ठेवा, पेटीबरोबर नेतो. तो परत आलाच नाही. पेटी अजून माळ्यावर आहे. खोक्यात निघाला हा प्राणी. कुंपणावर माना हलवणारा सरडा नव्हे. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो तो, शॅमेलिऑन. चिमट्यासारखे पाय, गुंडाळलेली शेपटी, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. त्या दिवशी मात्र ते मिटलेले होते आणि अंग काळं पडलं होतं. मी म्हटलं, सकाळपर्यंत आटोपेल. भावजय फोन घेऊन वाचत बसली.

मग तिने त्याच्यासाठी घर केलं. लाकडी पट्ट्यांचा उभा सांगाडा, माझ्या खांद्याइतका उंच, आणि चारी बाजूंनी मच्छरदाणीचं कापड, तिच्या त्या सरळ, बारीक टाक्यांनी शिवलेलं. आत पानांच्या दोन कुंड्या आणि आडव्यातिडव्या फांद्या. वर ऊब द्यायला एक बल्ब आणि शेजारी उन्हासारखा उजेड देणारी नळीची बत्ती. सलाईनची रिकामी बाटली कुठूनशी मिळवून तिने उलटी टांगली आणि तिच्या नळीतून पानांवर थेंब थेंब पाणी सोडलं. एका डब्यात रातकिडे पाळले. त्यांना गाजर खायला घालायचं आणि सरड्याला देण्याआधी पांढऱ्या पावडरीत घोळवायचं. एवढं कौतुक आमच्या वडिलांनी आम्हां दोघांचं मिळूनही केलं नसेल.

सरडा जगला. एक डोळा कामावर आणि एक घड्याळावर ठेवून असायचा, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं. त्याची उठबस ती एकटी करायची. आम्हांला हात लावायची बंदी, समोर उभं राहून टक लावायचीही बंदी. आम्हीही कधी काही विचारलं नाही. धाकट्याला त्या मच्छरदाणीची लाज वाटायची. काचवाल्याच्या घरात हे खोपटं काय म्हणून, असं तो चिडवायचा. ती म्हणायची, "साहेब साधे हिरवे बसलेत ना? मग झालं तर."

मग तिच्या पित्ताशयात खडे निघाले. साधं ऑपरेशन, तीन-चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणाले. निघताना तिने धाकट्याला रातकिड्यांचा डबा आणि पाण्याची बाटली दाखवली. "नवीन काही करू नका हो. आहे तसं चालू द्या." रिक्षात बसल्यावरही तिने मान बाहेर काढून हेच पुन्हा सांगितलं.

तीन-चार दिवसांचं काही राहिलं नाही. आतून पू झाला, तो रक्तात गेला, मग फुप्फुसात. पुन्हा पोट उघडावं लागलं. आम्ही काचेच्या दारापलीकडून तिला बघायचो. ती काच कुणी बसवली कोण जाणे, वरच्या कोपऱ्यात फट राहिली होती. तिथे जीव टांगणीला लागलेला असताना मला ती फट दिसत होती, याचाच मला राग यायचा. शेवटी एकदाची ती वाचली. घशात भोक पाडून नळी घातलेली, हाताची बोटं सुजून टम्म झालेली, पण डोळे उघडे आणि आम्हांला ओळखणारे. डॉक्टर म्हणाले, "नळी निघेल. घरी जातील. फक्त आता ताप येता कामा नये. पुन्हा ताप आला, तर झुंजायला त्यांच्या अंगात काही उरलेलं नाही."

एवढंच आम्ही धरून बसलो. ताप येऊ नये आणि ती घरी यावी.

धाकट्याचे हात रिकामे राहू शकत नाहीत. हॉस्पिटलात त्याला काहीच करता येईना. पाणी पाजायचं नाही, उशी सरकवायची नाही, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. बायकोसाठी काही करता येत नव्हतं, म्हणून त्याने सरड्यासाठी केलं. एक दिवस म्हणाला, "ताई, ती येईपर्यंत साहेबांना बंगला बांधू. मला जाड काच काढून दे."

मी काढून दिली. का नाही देणार? कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर काहीतरी दिसत होतं. त्याने कडा अशा घासल्या की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरल्यासारखं वाटावं. जोड इतके साफ की सिलिकॉन शोधावं लागे. तळाला पाण्याची सुबक वाटी, वर झाकणही काचेचं, त्यावर बत्ती. आणि मागची अख्खी भिंत आरशाची.

"आरसा कशाला रे?"

"एकटा असतो गं दिवसभर," तो म्हणाला. "सोबत होईल."

घरी कोण एकटं होतं ते मला दिसत होतं.

काचघर ठेवलं दुकानाच्या दर्शनी भागात, म्हणजे कामात असतानाही लक्ष राहील. आणि काय सांगू, साहेब आत गेले आणि तासाभरात पेटले. हिरव्या अंगावर पिवळे पट्टे उठले, त्यांत केशरी, त्यांत निळे. आमचा हा सरडा इतका देखणा असेल असं कधी वाटलंच नव्हतं. मान फुगवून, अंग पसरून, आरशासमोर डुलायचा. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. काच मापायला आलेले लोक माप विसरून त्याचे फोटो काढायचे. धाकटा नव्या बापासारखा बाजूला उभा राहायचा. "घर आवडलंय त्याला. मच्छरदाणीत बिचारा कोमेजून बसला होता."

त्याने फोटो काढला आणि भेटीच्या वेळी आम्ही दोघं गेलो. आत एकालाच सोडायचे, पण तिथल्या सिस्टर भल्या होत्या, त्या दुसरीकडे बघायच्या. धाकट्याने फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. "बघ, तुझ्या साहेबांना बंगला बांधलाय. मागे आरसा आहे. खूष आहेत अगदी."

तिने पाहिलं. आधी डोळे मोठे झाले, मग भरून आले. ती मान हलवायला लागली, उशीच्या या कडेवरून त्या कडेवर, आणि यंत्रातला आवाज भराभर वाजायला लागला.

"आनंदाने रडतेय गं," धाकटा म्हणाला, आणि तोही रडायला लागला.

मग तिने सुई टोचलेला हात कसाबसा उचलला आणि खाटेभोवतीचा पडदा धरला. धरला आणि ओढला. सिस्टर म्हणाल्या, उजेड लागत असेल, आणि त्यांनी पडदा लावून घेतला. तिने पुन्हा ओढला. पडद्याचं टोक मुठीत गोळा करून फोनकडे न्यायला लागली. मी वाकून बघितलं तर पडद्याची खालची शिवण हातभर उसवलेली.

"शिवण उसवलीय," मी म्हटलं. "हिला मरणाच्या दारातही दुसऱ्याची शिलाई खुपते."

धाकटा हसला, सिस्टर हसल्या, मीही हसले. तिने डोळे मिटून घेतले. आम्ही कागद-पेन दिलं होतं आधी, पण त्या सुजल्या बोटांत पेन ठरत नव्हतं, कागदावर नुसत्या रेघा उमटायच्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी बिचाऱ्यांनी पडदा बदलून दिला. नवाकोरा, शिवण धड असलेला. धाकट्याने नवा फोटो समोर धरला, तर भावजयीने तोही पडदा धरून ओढला. रोज तेच चालायचं. मी सिस्टरांना म्हटलं, आता कापडच पसंत नसेल.

इकडे साहेबांचं खाणं कमी झालं. रातकिडे काचघरात मोकळे फिरायचे, त्याच्या पायावरून जायचे, पण तो ढुंकून बघायचा नाही. आरशातल्या त्याच्याकडे दोन्ही डोळे लावून बसायचा. तोंड उघडं टाकायला लागला. काचेवर सकाळी वाफ धरायची, ती दुपारपर्यंत हटायची नाही. एकदा मी काच कापत असताना टप्प असा आवाज आला. वळून बघते तर साहेब खाली, पाण्याच्या वाटीत एक पाय, आणि आरशावर त्याच्या नाकाचा ओला ठसा. मी धाकट्याला हाक मारली.

"मला लक्षण ठीक दिसत नाही रे."

"अगं, रंग बघ की त्याचा! आजारी जिवाचा रंग असा असतो का?"

खरंच होतं. पडल्या जागीही तो पेटलेला होता. पण त्याचे डोळे आत गेले होते, आणि डोळे आत गेलेलं माणूस मी नुकतंच महिनाभर बघत होते. मी त्याला फडक्यात घेतलं आणि धाकट्याला म्हटलं, शटर ओढ.

प्राण्यांची डॉक्टरीण कुत्र्या-मांजरांच्या रांगेत अडकलेली होती. दमलेली बाई, ओठांवर बोलणं आणि हात दुसऱ्या कामात. साहेबांना बघून मात्र ती थांबली. सगळं विचारलं. कुठे ठेवता, काय खातो, पाणी कसं देता. धाकट्याने मोठ्या हौसेने बंगल्याचा फोटो दाखवला.

तिने फोन जवळ ओढून घेतला. "हा मागे आरसा आहे?"

"हो. सोबतीला."

"यांना सोबत चालत नाही हो. आयुष्यभर एकटे राहणारे प्राणी हे. आरशात याला दुसरा नर दिसतोय, आपल्या जागेत घुसलेला. तो दिवसभर त्याच्याशी भांडतोय. आणि तो दुसरा काही जात नाहीये."

"पण रंग..."

"हे रागाचे रंग आहेत. सुखात असला की साधा हिरवा असतो." मग आवाज जरा खाली आणून तिने बाकीचंही सांगितलं. काचेत हवा खेळत नाही. काचेच्या झाकणातून त्या बत्तीचा उपयोगाचा उजेड आत पोचत नाही. वाटीतलं पाणी त्याला पाणी आहे हेच कळत नाही, तो पानांवरचा थेंब पितो. तो तहानलेला होता. पाण्याच्या वाटीत पाय पडलेला असतानाही तहानलेला. "घरात याला सांभाळणारं कुणी होतं का? हा आधी चांगला सांभाळलेला दिसतो."

"माझी बायको. हॉस्पिटलात आहे."

"मग त्यांना विचारायचं ना."

"ती बोलत नाही," धाकटा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, औषध दिलं. "आशा थोडी आहे. आत्ता आधी घरी जा आणि त्या आरशावर काहीतरी टाका. पडदा, चादर, जे हाताला लागेल ते."

पडदा म्हटल्यावर मी धाकट्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे. माझे कान तापले. रोज ती मुठीत पडदा गोळा करून फोनवर टाकायला बघत होती, आणि आम्ही तिला शिवणीवरून हसत होतो. तिला घशातून शब्द काढता येत नव्हता, तरी तिने जमेल तसं ओरडून सांगितलं होतं. इतकी वर्षं त्या बाईने बोलून आमची तोंडं बंद केली, आणि एकदा न बोलता काही सांगितलं तर आमच्या डोक्यात शिरू नये? मला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

घरी आल्यावर माळ्यावरून जुना सांगाडा काढला. एका बाजूचं कापड टराटरा फाटलेलं. मी तिच्या मशीनवर बसले. जन्मभर काच कापली. काच एकदा ओरखडा दिला की मुकाट त्या रेषेवर तुटते. कापड तसं ऐकत नाही. माझे टाके कुठल्या कुठे गेले, पण फट बुजली. कुंड्या, फांद्या, वर बल्ब, उलटी बाटली, सगळं तिने ठेवलं होतं तिथे ठेवलं. वरच्या खोलीत, जिथे एकही आरसा नाही.

साहेब पानाआड गेले आणि हळूहळू विझले. आधी केशरी गेला, मग निळा, मग पिवळा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जुन्या पानासारखा साधा हिरवा होऊन बसला होता. थेंब पडला तसं त्याने तोंड पुढे केलं, आणि गळा हललेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मी फोटो काढला.

"फिका पडला गं," धाकटा मागून म्हणाला.

"फिका नाही. साधा झालाय. तिला हाच दाखवायचा." मला इतका आनंद झाला होता की मी धाकट्याला दोनदा खाऊन घे म्हटलं, शिवी न घालता.

सकाळी तो कुंडीच्या बुडाशी पडलेला होता. शेपटी सुटलेली, डोळे मिटलेले, पहिल्या दिवशी खोक्यात होते तसे. मी त्याला तिथेच, त्या कुंडीच्या मातीत पुरलं.

धाकटा खाली गेला. मला वाटलं, आता काचघर फोडतो. पण आमच्यात रागाने काच फोडत नाहीत, वडिलांनी तो हात लहानपणीच आवरायला लावला. त्याने पात्याने सगळं सिलिकॉन कापलं, एकेक काच सुटी केली, पुसली, आणि काचा ठेवायच्या लाकडी घोड्यावर मापाप्रमाणे उभी करून ठेवली. आरसा शेवटी. तो त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"आरसा लावला नसता तर," तो म्हणाला. मग पुन्हा, "ती म्हणाली होती, नवीन काही करू नका. ऐकलं असतं तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" मी खेकसले. "तोंड धू. भेटीची वेळ होतेय." दुसरं काही बोलले असते तर मीच कोसळले असते.

हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने माझा दंड धरला. "ताई, तिला सांगायचं नाही. नळी निघेपर्यंत नाही."

मी मान हलवली. खोटं बोलायची गरजही नव्हती, फोटो खरा होता.

ती जागी होती. उशीला टेकून बसवलेली, केस विंचरलेले. आम्हांला बघताच तिचा हात पडद्याकडे गेला. मी तो मधेच पकडला. "थांब बाई. कळलं. उशिरा कळलं, पण कळलं." आणि फोन समोर धरला.

तिने बघितलं. मच्छरदाणी, पानं, पानाआड साधा हिरवा साहेब. मग सुजल्या बोटांनी फोटो मोठा करायला लागली. मी मदत केली. ती सरड्यावर थांबली नाही, कडेला गेली, फाटलेल्या जागी, जिथे माझे टाके नाचत होते. ते बघून तिचे खांदे हलले. आवाज नव्हता, पण ती हसत होती. माझ्या शिलाईला हसत होती. तिने माझं बोट धरून दाबलं आणि कितीतरी दिवसांनी पडदा सोडून दिला.

धाकटा वाकून तिच्याकडे बघत होता. "ताई, बघ ना," तो म्हणाला. "एका फोटोने काय फरक पडला बघ. कसा रंग आलाय तोंडावर!"

आला होता. कालपर्यंत कागदासारखे असलेले गाल लालबुंद झाले होते, ओठही लाल, डोळे चमकत होते. ती सुंदर दिसत होती. माझं बोट अजून तिच्या मुठीत होतं, आणि मूठ चटका बसावा इतकी गरम होती. मी दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. तिने माझ्याकडे बघितलं. तिलाही ठाऊक होतं, मला वाटतं.

"जा, सिस्टरना बोलव," मी म्हटलं.

"कशाला? चांगली आहे की. किती छान दिसतेय."

"बोलव म्हणते ना."

"बरं बरं, त्यांनाही बघू दे," तो म्हणाला, आणि हसत हसतच गेला.